लाल दोरा बांधलेली झाडं

पामर्स्टन नॉर्थमध्ये सोयाबीन पिकवणार म्हटल्यावर सगळ्यात आधी हसला तो दादा. सख्खा नव्हे, मानलेला. आम्ही एकाच वर्षी शिकायला आलो, एकाच घरात भाड्यानं राहिलो. पहिल्या राखीपौर्णिमेला मी घरच्या आठवणीनं रडकुंडीला आले होते, तेव्हा त्यानं आपणहून हात पुढे केला. पुढे तो एका डेअरी फार्मवर मॅनेजर झाला, शहराबाहेर थोडी जमीन घेतली, आणि हसून झाल्यावर तिचा एक कोपरा मला दिला.

मी संशोधन संस्थेत टेक्निशियन होते. तिथली सोयाबीनची एक बंद झालेली चाचणी आवरताना उरलेलं मूठभर बी मी रीतसर विचारून घेतलं होतं. २०१३च्या नोव्हेंबरात, परभणीला बाबा करायचे तसं, गुळाच्या पाण्यात जिवाणूंची पूड कालवून बियांना चोळली आणि पेरणी केली. इथे ऋतू उलटे, नोव्हेंबर ते मार्च उन्हाळा, आणि तोही म्हणजे जवळजवळ आपला हिवाळाच. एप्रिल संपत आला तरी झाडं हिरवीगार, आणि मग एका रात्रीच्या फ्रॉस्टमध्ये, दव गोठून, सगळी काळी पडली. सात झाडं मात्र त्याआधीच पिवळी होऊन वाळली होती. मला तेवढीच हवी होती.

तेव्हापासून दर वर्षी एकच उद्योग. सगळ्यात लवकर फुलणारी झाडं हेरायची, त्यांना राखीच्या उरलेल्या रेशमाचा लाल दोरा बांधायचा, शेंगा झाडावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्यायच्या आणि तेच बी पुढच्या वर्षी पेरायचं. दादा चिडवायचा, "काय सोयाबीनबाई, झाडांना ओवाळता पण का?" मीही हसायचे. चार वर्षांत पीक फ्रॉस्टच्या आधी तयार होऊ लागलं. या थंडीला पुरून उरणारं बी माझ्या हातात आलं होतं. या देशात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

एरवी मी निम्मं बी डब्यात राखून ठेवायचे. पाचव्या वर्षी दादा म्हणाला, "अगं, या वेळी सगळं पेर. मी आहे ना!" मी पेरलं. शेतकी शिकलेल्या बाईनं असला गाढवपणा करू नये, पण त्याच्या शब्दावर माझा तेवढा विश्वास होता.

फेब्रुवारीत आईचं ऑपरेशन ठरलं. निघण्याआधी मी त्याला शेतात नेऊन एकेक दोरा दाखवला. "ही झाडं पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

"जा गं बिनधास्त. स्वीट ॲज!" 'काही काळजी नको' हे तो इथल्या लोकांसारखं म्हणाला.

मार्चअखेर परतले, तर कोपरा मोकळा. तो घराच्या लाकडी डेकवर चहा पीत बसला होता.

"अगं, फार्मवरच्या लोकांना बार्बेक्यूला बोलावलं होतं. हिरव्या शेंगा नुसत्या उकडून मीठ लावून ठेवल्या. जाम आवडल्या सगळ्यांना!"

"दोरे दिसले नाहीत तुला?"

"दिसले की. तीच तर मस्त भरलेली होती, म्हणून आधी तीच उपटली."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. चुकून उपटली असती तर मी गिळलं असतं. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला बियाणं म्हणजे काय ते सांगावं लागतं का? हा विश्वासघात होता, त्याला दुसरा शब्द नाही. मी तसं म्हटलंही. "शेंगाच त्या, एवढं काय!" म्हणून त्यानं माझ्यासाठी कपात चहा ओतला. मी तो तसाच ठेवून निघाले.

ऑगस्टमध्ये मी राखी बांधायला गेले नाही. त्यानं विचारलंही नाही. फोन आला तो नोव्हेंबरात.

"काय सोयाबीनबाई, रुसवा गेला का? बी कधी आणतेस? यंदाही बार्बेक्यूला त्या शेंगा हव्यात म्हणून सगळे मागे लागलेत."

"बी?" मी म्हटलं. "ते तुम्ही मीठ लावून खाल्लंत, दादा."