तांडेलाचं ताट

गोदीच्या मागच्या फाटकासमोर जी खाणावळ आहे, तिच्या मालकाला सगळे पळी म्हणतात. उंच, काटकुळा, मानेपाशी किंचित वाकलेला आणि वर वाटोळं टक्कल. नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसणार. खरं नाव फक्त बायको घेते, तेही भांडण रंगात आलं की. खाणावळीत लाकडी बाकं, पत्र्याने मढवलेला लांब ओटा, ओट्यामागे मोठाली पातेली. दुपारचा भोंगा झाला की वेल्डर, रंगारी, गंज खरवडणारे, सगळे तेलकट हातांनी ताटं पुढे करतात आणि हा वाढत जातो. हाताचं माप इतकं पक्कं की ताटाताटांत कणाचा फरक सापडायचा नाही. मात्र एखादा ओढलेला चेहरा समोर आला की त्याचा हात हळूच पातेल्याच्या तळाशी जातो आणि वर येताना जाड जाड बटाटे घेऊन येतो. हे कोणाला दिसत नाही. निदान त्याला तरी तसं वाटतं.

सगळ्यांचं उरकल्याशिवाय तो स्वतः जेवत नाही. जहाजावर आचारी शेवटी जेवतो, ती शिस्त त्याने जमिनीवरही सोडली नाही. आणि पाणी प्यायला की पेल्याच्या तळाला एक घोट तसाच ठेवतो. लग्न झालं त्या वर्षी बायकोने गमतीने विचारलं होतं, हा घोट कोणत्या पाहुण्यासाठी राखून ठेवता म्हणून. पळी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तेव्हापासून ती मुकाट्याने तो घोट मोरीत ओतते आणि पेला विसळून पालथा घालते.

असा हा सज्जन माणूस, पण एका जागी त्याचा पार कोळसा झालेला होता. एखाद्याला पाण्यात पाहणारे जगात पुष्कळ असतात. पळीने तांडेलाला भर समुद्रात पाण्यात पाहिलं आणि किनाऱ्याला लागल्यावरही ते सोडलं नाही.

तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. ऐन उमेदीत पळी ज्या मालवाहू बोटीवर आचारी होता, तिच्यावर हा तांडेल होता, आणि पळीचा धाकटा भाऊ इंजिनखोलीत तेलपाणी बघायला होता. धाकट्याला ती नोकरी पळीनेच लावून दिलेली. बाप लहानपणीच गेला. आई दिवसभर लोकांचे कपडे धुवायची आणि धाकट्याला जेवू घालायचं काम थोरल्याकडे असायचं. तळाचं जाड धाकट्याच्या ताटात आणि वरचं पाणी आपल्या, ही चोरी पळी तिथेच शिकला. भावाचं पोट भरलेलं बघितलं की त्याला स्वतःला ढेकर यायची. अशा माणसाला भाऊ म्हणजे भाऊही असतो आणि मालमत्ताही असते.

वादळात बोट कलली, इंजिनखोलीत वाफेचा नळ फुटला, आणि दिवस मावळायच्या आत बोट तळाला गेली. होडीत पाच जण चढले: पळी, धाकटा, तांडेल, बिनतारीवाला आणि एक खलाशी. धाकट्याची छाती वाफेने भाजलेली होती, पण तो म्हणत होता की काही नाही, वरवरचं आहे. पाण्याचा पिंप पळीच्या ताब्यात आला. खाण्यापिण्याचं माप आचाऱ्याचं, यावर समुद्रातही कोणी वाद घातला नाही. प्रत्येकाला बिस्किटाच्या डब्याचं एकेक झाकण पाणी, हे माप ठरलं. धाकटा पळीच्या शेजारी बसायचा. पळी आधी सगळ्यांना द्यायचा, मग आपलं झाकण ओठाला लावायचा, अर्धं प्यायचा, आणि उरलेलं बोलता बोलता भावाच्या झाकणात सरकवायचा. वर्षानुवर्षांचा सराव होता. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि मग एका सकाळी धाकटा उठला, होडीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तांडेलाच्या फळीवर जाऊन बसला. तेही पळीकडे पाठ करून.

पळीने हाक मारली. धाकट्याने मान वळवली नाही. पाण्याची वेळ झाली तेव्हा झाकण हातोहात तिकडे गेलं आणि तांडेलाच्या हातून त्याच्या तोंडाला लागलं. पळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ माझा, पिंप माझा, आणि पाजणार हा? त्या दिवशी त्याने रागारागाने आपलं झाकण शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग रोजच.

तांडेलाचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तांडेल रोज सूर्य वर आला की हात जोडायचा आणि ओठ हलवत राहायचा. धाकटाही शेजारी हात जोडायचा. पळीलाही देवाला काही विचारायचं होतं, पण देव आता तांडेलाच्या बाजूचा झाला, आपलं कोण ऐकणार, असं वाटून तो पिंपाच्या झाकणाचे आटे पुसत बसायचा. एकदा लांबून एक जहाज गेलं. पाचही जण ओरडले, शर्ट हलवले, जहाज गेलं ते गेलंच. बिनतारीवाला रडायला लागला. तेव्हा तांडेल म्हणाला, "गेलं ना, म्हणजे जहाजांची वाट हीच आहे. दुसरं येईल." सगळ्यांच्या जिवात जीव आला. पळीच्या मनात नेमकं हेच आलं होतं, फक्त बोलायला त्याला उशीर झाला. आशाही ह्याच्याच तोंडून यावी, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की ती आशा त्याने त्या दिवशी घेतलीच नाही.

धाकटा गेला तो तांडेलाच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटी तो काहीतरी पुटपुटला आणि तांडेलाने त्याच्या तोंडाशी कान नेला. पळी सरपटत तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डोळे तांडेलाने मिटले, चार शब्द तांडेल बोलला, आणि देह पाण्यात सोडताना पळीच्या हाती आले ते पाय. तांडेलाने बरोबर भाकीत केलं होतं. त्याच वाटेने दुसरं जहाज आलं आणि चौघांना घेऊन गेलं.

पळीच्या मनात एक हिशोब पक्का झाला होता. धाकटा आपल्या शेजारी राहिला असता तर रोजच्या त्या अर्ध्या झाकणावर तगला असता. तांडेलाने त्याला ओढून नेलं आणि मारलं. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही. बोललं असतं तर पाण्याची चोरीही सांगावी लागली असती.

बाकीचे दोघे पुढे कुठल्या कुठे पांगले. तांडेल मात्र याच गावात गोदीवर दोर-साखळ्यांच्या कोठारात कामाला लागला, आणि पळीच्या आईने त्याला घरी बोलावलं. धाकटा गेला त्या तारखेला दर वर्षी तांडेलाने दुपारी जेवायला यायचं, असं म्हातारीने ठरवूनच टाकलं. खाणावळीच्या वरच्या दोन खोल्यांत तिची खाट खिडकीशी होती. तिथे बसून ती तांडेलाकडून सगळं ऐकायची, आणि पळी खालून ताटं आणायचा. होडीत स्वतःचा पोटचा मुलगाही होता, पण म्हातारीने त्याला एका शब्दाने कधी विचारलं नाही. पहिल्या वर्षी ती तांडेलाला अहो-जाहो करत होती. पुढे ती "अरे तांडेला" म्हणायला लागली आणि त्याच्या ताटात आपल्या हाताने वाढायला लागली. पळीचं डोकं तडकायचं. त्या दिवशी तो मासे अगदी मन लावून करायचा, कारण हाताला वाईट रांधता येत नव्हतं, आणि मग मीठ थोडं जास्त टाकायचा. तांडेल निमूटपणे सगळं खायचा आणि दोन तांबे पाणी प्यायचा.

बायको एकदा म्हणालीच, "अहो, सवतीवरसुद्धा कोणी बाई इतकी जळत नाही." पळी म्हणाला की मी जळत नाही, मला तो माणूस आवडत नाही, एवढंच. बायकोने पदराआड हसू दाबलं आणि ती कांदे चिरायला बसली.

यंदा म्हातारी गेली. झोपेत गेली, कोणाला त्रास न देता. तिला पोचवून आल्यावर पळी खूप रडला. खरंच रडला. पण रडता रडता मनाच्या एका कोपऱ्यात त्याला असंही वाटून गेलं की सुटलो, आता त्या तांडेलाला घरात पाऊल टाकायचं कारण उरलं नाही. असा विचार आल्याची त्याला लाज वाटली, आणि विचार तरीही गेला नाही.

ती तारीख आली. दुपारची गर्दी ओसरली होती, बायको मागे भांडी घासत होती, आणि पळी स्वतःचं ताट घ्यायच्या बेतात होता. दारातला उजेड अडला म्हणून त्याने वर पाहिलं. तांडेल उभा होता. आता वाकलेला, हातात काठी, अंगात धुतलेला शर्ट.

"आई गेली," पळी म्हणाला.

"म्हणून तर आलो," तांडेल म्हणाला, आणि ओट्याजवळच्या बाकावर बसला.

दारी आलेल्याला उपाशी कसं घालवायचं? पळीने ताट वाढलं. मिठाचा डबा हाताशी होता, पण याचे लाड करायला वर आता आई नाही, मग खारट तरी कशाला, असं वाटून त्याने त्याला हात लावला नाही. ताट आपटून तो पुढ्यात उभा राहिला. तांडेल जेवला नाही. तो म्हणाला की म्हातारी असेपर्यंत एक गोष्ट न बोलण्याचं वचन होतं, ते आता सुटलं.

मग त्याने सांगितलं. धाकट्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. लहानपणापासून तळाचं जाड आपल्याच ताटात पडतं हे त्याला कळत होतं, तर झाकणातलं वाढलेलं पाणी कळणार नाही? छातीची जखम आतपर्यंत गेली आहे, आपण काही यातून उठत नाही, हेही त्याला कळलं होतं. भावाचं अर्धं पाणी आपल्यात वाया जातंय, म्हणून तो उठून तांडेलाच्या फळीवर आला. तिथे झाकण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून हातोहात यायचं, पळीला चोरीला वावच राहायचा नाही. थोरला चिडला की आपलं सगळं पाणी स्वतःच पितो, हे पहिल्याच दिवशी तांडेलाकडून कळल्यावर तो हसला होता.

"सकाळी मी ओठ हलवायचो," तांडेल म्हणाला, "पण मागणं त्याचं असायचं. तो म्हणायचा, माझ्या भावासाठी मागा. माझा स्वतःचा देवावर भरवसा तेव्हा कुठे राहिला होता?"

 पळीने विचारलं, "माझ्याकडे पाठ का करायचा?"

"तुझ्याकडे बघितलं तर परत तुझ्याशेजारी येऊन बसेन, असं म्हणायचा. शेवटीही तेच पुटपुटला. आता तरी तुला त्याच्याकडे वळवू का, असं मी त्याला विचारत होतो. नको म्हणाला, तो प्यायचा थांबेल."

पळी बाकावर बसला. आणि आश्चर्य असं की त्याच्या तोंडून आधी आलं ते जुनंच. हे आईला ठाऊक होतं? सगळ्यांना ठाऊक, मला तेवढं नाही? तांडेल म्हणाला की पहिल्याच वर्षी त्याने म्हातारीला सांगितलं होतं आणि तिला विचारलं होतं, थोरल्याला सांगू का. म्हातारी नको म्हणाली. भावाने जीव दिला हे कळलं तर हा अन्नपाणी सोडेल, पण तांडेलावर जळत राहिला तर जळता जळता जगेल, असं तिचं म्हणणं. "तू दर वर्षी ये आणि त्याला जळू दे," असं तिने तांडेलाकडून कबूल करून घेतलं. म्हणून तर ती मुद्दाम पळीसमोर स्वतःच्या हाताने वाढायची.

"आणि तुम्ही ते खारट मासे खात राहिलात," पळी म्हणाला.

"मासे चांगलेच असायचे. मीठ तेवढं जास्त."

मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. पळीने ओट्यावरचा मिठाचा डबा लांब सरकवला. मग म्हणाला, "तुमच्या मांडीवर गेला तो. सगळं कळलं, तरी ते मला अजून सलतंय."

"सलू दे," तांडेल म्हणाला. "माझी मांडी मलाही पुरेशी वाटली नव्हती. तुझी हवी होती त्याला."

पळीने ओट्यावरचा तांब्या ओढला. त्याने पेला भरला आणि प्यायला लागला. सवयीने तळाशी येऊन तो थांबला. एक घोट राहिला होता. 

तांडेलाने ते पाहिलं. काठी टेकून तो बाकावर सावकाश फिरला आणि पळीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसला.

पळीने शेवटचा घोट घेतला. मग उठला, स्वतःचं ताट वाढून घेतलं, आणि सगळ्यांच्या मागून जेवणारा तो माणूस तांडेलाच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर जेवला.