बारा नंबरांचं घर

माझे सासरे सांडू मगरे एका जागी बसून चहा पितायत, असं लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी एकदाही पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन ते गेटपर्यंत जातात, परत येतात, जिना चढतात, गच्चीवरच्या टाकीवर थाप मारून बघतात, आणि खाली येईपर्यंत चहा संपलेला असतो. एकतीस वर्षं ते महापालिकेत पाण्याचे लाईनमन होते. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी घ्यायची, गल्लीबोळांतले व्हॉल्व्ह फिरवायचे, या वस्तीचं पाणी बंद करायचं, त्या वस्तीचं सोडायचं. आमच्या शहरात पाणी पाळीनं येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या पाळीपायी ज्यानं एकतीस वर्षं बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या, तो निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल अशी आशा माझ्या सासूबाईंनी, लीलाबाईंनी, कशाच्या जोरावर धरली होती कोण जाणे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत मामांनी घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले. मग नळ संपले. त्याच सुमारास मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात इंटरनेट आलं आणि मामांना नवी लाईन सापडली.

खरं तर यात करण्यासारखं काय असतं? केबलवाला येतो, राउटर भिंतीला लावतो, पासवर्ड सांगतो, निघून जातो. लोक त्या डब्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाहीत. मामांनी केबलवाल्याला विचारलं, "याचा व्हॉल्व्ह कुठाय?" केबलवाला हसला. तिथंच चुकलं त्याचं. पुढचे दोन महिने मामा कानात वायर घालून गच्चीवर येरझाऱ्या घालत व्हिडिओ बघत होते, हातात पाणीवाटपाची जुनी वही, आणि एक दिवस जेवताना त्यांनी आम्हाला धडा दिला. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. नंबर नाही तर नेट नाही. तो नंबर चोवीस तासांसाठी असतो. यंत्र चालू असेल तर मुदत आपोआप वाढत जाते, बंद पडून राहिलं तर नंबर सुटतो आणि जो पहिला मागेल त्याला मिळतो.

"म्हंजी पाण्याची पाळीच की वं," आत्या म्हणाल्या.

मामांना इतका आनंद झाला की त्यांनी भाकरी हातात घेऊनच अंगणाला एक फेरी मारली.

पण नंबर कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून सुयशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कॉलेजातला जुना कॉम्प्युटर त्यांनी कोपऱ्यात कायमचा चालू ठेवला. त्याचं काम एवढंच, कुणी नाव सांगितलं की त्या नावाचा नंबर शोधून द्यायचा. मग नावं ठेवणं आलं. गेटवरच्या कॅमेऱ्याचं नाव शहराच्या जुन्या वेशीवरून दिल्लीगेट, टाकीत किती पाणी उरलंय ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं जायकवाडी. माझ्या लॅपटॉपचं नाव त्यांनी नक्षत्रवाडी ठेवलं. धरणाचं पाणी शहरात शिरतं ते नक्षत्रवाडीच्या टाकीवरून, तेव्हा हा मोठा मान होता, असं आत्यांनी मला नंतर समजावून सांगितलं.

इथपर्यंत गंमत होती. राउटरमध्ये वाटायला दीड-दोनशे नंबर मोकळे असतात, ते मात्र मामांना बघवेना. "एवढी लाईन उघडी? खालची गल्ली भरून घेईल अन् आपण कोरडे." मी म्हटलं, मामा, नंबर म्हणजे काही पाणी नाही, वापरून संपत नाही. नळ वाहता ठेवून गप्पा मारणाऱ्या बाईकडे ते ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं माझ्याकडे बघितलं. घरातली यंत्रं मोजली तर बारा भरली. बाराच नंबर ठेवले, तेराव्याला जागा नाही.

आता माझं सांगते. मी बी.फार्म. झालेली. आमची मुलगी संबोधी होण्याआधी चिकलठाण्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. ती झाली आणि नोकरी सुटली. सुयश पुण्याला चाकणमध्ये, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतो. अडीच वर्षं असंच चाललं होतं. मग मला पुण्याच्याच एका कंपनीतून फोन आला. परदेशातल्या दवाखान्यांची कागदपत्रं तपासायचं काम, घरी बसून करायचं. त्याआधी रविवारी अकरा वाजता ऑनलाइन परीक्षा. अकरा पाचला दार बंद, पुन्हा संधी नाही.

सुयश म्हणाला, "झालं तर राहा तिथंच, मी येत जाईन. नाही झालं तर जूनमध्ये तू अन् संबोधी इकडं या. मी खोली बघून ठेवलीय."

ती खोली मी पाहिली होती. एकच खिडकी, तीही शेजारच्या बाथरूमच्या भिंतीकडे तोंड करून. मला नवरा हवा होता, ती खोली नको होती. आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा माझं काम हवं होतं, इतकं की रात्री दातावर दात घासले जायचे.

मामांनी हे सगळं ऐकलं. त्या दिवशी ते गच्चीवर इतका वेळ चालले की खाली पंखा थरथरायला लागला. मग खाली येऊन म्हणाले, "परीक्षा तू दे. लाईन माझ्याकडं." नात घरात राहणार की जाणार, हे या दोन वाक्यांवर आलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी सगळं तपासलं आणि लॅपटॉप बंद करून कपाटात कुलपात ठेवायला लावला. संबोधीनं कळा दाबू नयेत म्हणून. टीव्ही दोन दिवस बंद, माझ्या अभ्यासासाठी. एवढं केल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? नाही बसले. सून परीक्षेला बसतेय म्हणून फुलंब्रीला बहिणीला फोन केला. रविवारी सकाळी दहाला द्वारकाबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं डब्यात धपाटे घेऊन दारात हजर. जयभीम झाला, पाणी झालं, आणि पाण्यामागोमाग मामांनी पासवर्ड सांगितला. कुणी न मागता! पाहुण्याला कोरडं बसवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा कायदा.

तिघांच्या फोनला नेट लागलं. धाकट्याच्या नाही. "मामा, माझं नाय लागू राहिलं."

"तुझा फोनच जुना असंल," मामा म्हणाले आणि टाकी बघायला वर गेले.

दहा पस्तीसला मी लॅपटॉप उघडला. इंटरनेट नाही.

पहिल्यांदा मी बंद करून चालू केला. तेच. माझ्या फोनवर नेट होतं, पाहुण्यांच्या फोनवर होतं, घरात ज्याला गरज होती त्याच एका यंत्राला नव्हतं. मोबाईलच्या डेटाचं विचारू नका, आमच्या गल्लीत खाली एक दांडी येते आणि तीही जाते. मी मामांना हाक मारली ती किंचाळूनच.

मामा दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आले. "नावाचा घोळ असंल," म्हणाले आणि जुना कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो उठायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं ते पलंग आणि दरवाजा यांच्यामध्ये फिरत होते, संबोधी त्यांच्या मागं फिरत होती. नाव नको म्हणून नुसता नंबर टाकून बघितला, तरी नाही. वायर काढली, फुंकली, लावली. केबलवाल्याला फोन करून झापलं. तो बिचारा म्हणाला, काका, तुमची लाईन हिरवीय. दहा सत्तेचाळीस.

"मामा, यादी बघा. कुणाकडं कुठला नंबर हाय ती यादी." माझ्याही तोंडातून आता घरचीच बोली निघत होती.

त्यांनी राउटरचं पान उघडलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. बारा ओळी. वरच्या नऊ भरलेल्या, आणि त्यातल्या तीन ओळींत अनोळखी फोनची नावं. दोन दिवस बंद असलेल्या टीव्हीचा नंबर, महिन्यातून एकदा चालणाऱ्या प्रिंटरचा नंबर आणि कुलपात ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपचा नंबर, तिन्हींची मुदत कधीच संपली होती, आणि ते तिन्ही आता फुलंब्रीच्या पाहुण्यांच्या खिशात होते.

मामांचा चेहरा उतरला. "आक्का, फोन बंद करा समद्यांनी," ते ओरडले. द्वारकाबाईंनी घाबरून फोन बंद केला, बाकीच्यांनीही केले. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. काही नाही. फोन बंद केला तरी दिलेला नंबर उद्यापर्यंत त्याचाच, हा नियम मामांनीच आम्हाला शिकवला होता.

"वाढवा ना मग नंबर!"

"वाढवले की राउटर बंद पडून उठणार. पंधरा मिनिटं जात्यात."

दहा चौपन्न. आणि तेव्हा मला खालच्या तीन ओळी दिसल्या. रिकाम्या.

"हे तीन मोकळेच आहेत की!"

"ते मोकळे नाय."

"नाव दिसतंय, यंत्र नाही. मोकळे आहेत मामा."

"सुयशचे हायेत ते," मामा म्हणाले. "फोन, लॅपटॉप, घड्याळ. त्याला बांधून ठिवलेत. दुसऱ्या कुणाला जायचे नायत."

महिन्यातून चार दिवस येणाऱ्या मुलासाठी यांनी बारातले तीन नंबर कायमचे राखून ठेवले होते, आणि उरलेल्या नऊत आम्ही सगळे ओढाताण करत होतो. मला राग आला. इतका राग मला या घरात कधीच आला नव्हता.

"सुयश पुण्यात आहे मामा!"

"येतो ना पण तो." त्यांचा हात माउसवर होता आणि हलत नव्हता. ज्या माणसाचे पाय कधी थांबत नाहीत त्याचा हात थांबला होता. "आला अन् नेट नाय लागलं तर त्याला काय वाटंल? आपल्याच घरात..."

आत्या इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज मी सहसा चढलेला ऐकत नाही. "येणाऱ्याची जागा राखून ठिवता अन् राहणारीला उभी करता व्हय? कामून वं?"

मग मामांनी सुयशच्या लॅपटॉपची ओळ निवडली. राउटर ज्यावरून यंत्र ओळखतो ती त्यातली जुनी खूण पुसली, माझ्या लॅपटॉपची घातली. एकेक अक्षर बोटानं दाबत, ओठ हलवत. दहा एकोणसाठ. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं चिन्ह फिरलं, फिरलं आणि स्थिर झालं. मी अकरा दोनला परीक्षेच्या पानावर होते.

दोन तास बाहेर कसे गेले ते मला ठाऊक नाही. आत्या म्हणाल्या, मामा गेटपासून नळापर्यंत इतक्या फेऱ्या मारत होते की द्वारकाबाईंना बघूनच चक्कर आली.

मी पास झाले. दहा दिवसांनी पत्र आलं. मामांनी ते तीनदा वाचलं, तिन्ही वेळा चालता चालता. त्याच आठवड्यात त्यांनी सगळी मांडणी उखडली. घरासाठी नंबर वाढवले, पाहुण्यांसाठी वेगळी लाईन काढली, तिचा पासवर्ड वेगळा, आणि पाहुण्यांना कळलेला घरचा जुना पासवर्डही बदलला. कुणी कितीही आलं तरी घरच्या लाईनीला धक्का नाही.

चौथ्या शनिवारी सुयश आला. बॅग टेकवली, संबोधीला उचललं, फोन काढला आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, नेट लागत नाय माझं."

मामा पाठ करून राउटरच्या वायरी सारख्या करत होते. "पाव्हण्यांची लाईन वेगळी केलीय. तिच्यात घाल. पासवर्ड तिथं भिंतीवर लिवलाय."

सुयश हसला. मग बघितलं की मामा हसत नाहीयेत. "म्हणजे? मी पाव्हणा?"

मामा वळले. डोळे भरले होते त्यांचे, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायलाही घेतला नाही. "मी लई दिवस ठिवली रे तुझी जागा," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण ही इथं राहती."

सुयश माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलावं, हसण्यावारी न्यावं, मामांची समजूत काढावी, अशी त्याची अपेक्षा होती. मी भिंतीवरच्या पासवर्डकडे बोट दाखवलं. त्यानं संबोधीला खाली ठेवलं आणि भिंतीजवळ जाऊन तो पासवर्ड वाचू लागला.