मोसंबीचा ताण आणि चहाडखोर दांडी

बाबा पावसाळ्यात गेले आणि पोखर्णीच्या रस्त्यावरची मोसंबीची बाग माझ्याकडे आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातला माणूस. हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, त्यांना तहानलेलं ठेवायचं आणि मग भरपूर पाणी द्यायचं म्हणजे फुलं येतात, याला ताण देणं म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. ताण पुरेसा झाला की नाही, हे बाबा पानांकडे बघून ठरवायचे. मला सगळी पानं सारखीच दिसत. घाई केली तर फुलं नाहीत, उशीर केला तर झाडं जायची. त्यात काकांनी बजावलं होतं, "औंदा बहर न्हाई आला तर बाग काढू, ऊस लावू."

म्हणून मी परभणीतल्या एका दुकानातून मातीतली ओल मोजणारी तीन तऱ्हेची यंत्रं आणली. "सर, लावून बघा. पटंल ते ठेवा, बाकीचे वापस करा," दुकानदार म्हणाला.

पहिली पाण्याने भरलेली नळी होती, वर काटा असलेली. आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या, नळीचं टोक उघडं पडलं आणि काटा वाटेल ते दाखवू लागला. दुसरा जिप्समचा ठोकळा. तो इतका सावकाश की मागच्या आठवड्याची बातमी आज सांगायचा. अगदी माझ्याच स्वभावाचा, पण एका बागेला असे दोघे परवडत नाहीत. तिसरी दांडी थेट मोबाईलवर आकडे पाठवायची. ती मी विहिरीजवळच्या झाडाखाली रोवली, जिथं बसून बाबा न्याहारी करत.

सगळं रान भेगाळलेलं आणि ही रोज सांगायची, ओल आहे.

दुकानदाराने बिनतक्रार दुसरी दिली. तीही तेच बोलू लागली. उपटून शेजारच्या झाडाखाली लावली, तर कोरडं. परत आणली, तर ओल.

एके सकाळी न सांगता बागेत गेलो. त्याच झाडापाशी आई उभी होती, हातात हंडा.

"काय करायलीस?"

"हात धुवायले."

"हंड्यानं?"

मग ती माझ्यावरच उलटली. "बापाला दहाव्याला पाणी सोडलंस ना? मंग ह्या झाडानं काय घोडं मारलंय? दरसाल घालते मी ह्याला पाणी."

"आणि बाबांना कळायचं नाही?"

"कळायचं की. इकडं पाठ करून बसायचे. त्यायच्याजवळ ही चहाडखोर दांडी न्हवती."

मी नळी आणि ठोकळा परत केला. चहाडखोर दांडी ठेवून घेतली, फक्त बागेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन रोवली. तिथले आकडे बघूनच ताण तोडला, पाणी सोडलं.

बाग पांढरी झाली तेव्हा काका आले. ओळीओळीतून फिरले, उसाचं नाव काढलं नाही. विहिरीजवळच्या झाडापाशी मात्र थबकले. ते नुसतं हिरवंगार, एक फूल नाही.

"वयनी, ह्याला काय झालं?"

"मला काय कळतंय, भाऊजी," आई म्हणाली. "ह्याच्या त्या दांडीनं घोटाळा केला असंल."

काका माझ्याकडे वळले. "मंग वापस कर की ती."

"करतो," मी म्हणालो आणि झाडाकडे पाठ करून उभा राहिलो.