चिंधीबाईंची बालवाडी

चिंधीबाईंना हजेरीपट लागत नसे. नवी रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, मूल घेऊन टिनाच्या शेडपाशी आली की त्या जुन्या लुगड्याची एक पट्टी टर्रकन फाडत आणि तिचे दोन तुकडे करत. एक पोराच्या मनगटाला, दुसरा आईच्या. संध्याकाळी भोंगा झाला की तुकड्याशी तुकडा जुळवायचा आणि मूल हवाली करायचं. आमच्या साइटवर छत्तीसगढी, उडिया, तेलुगू अशा सगळ्या बाया घमेली वाहत होत्या. दोन वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारलं तर ते नुसतं रडणार. चिंधी मात्र कोणत्याही भाषेत चालायची.

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा पोलाद कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे दोरखंडाने अवजड यंत्रं चढवणारा; राहायला खुर्सीपारला. शिक्षण चौथीपर्यंत. मी दुर्गचा, ठेकेदाराच्या कचेरीत कारकून. भिलाई म्हणजे तेव्हा खड्डे, गिट्टी आणि धूळ. नवऱ्याचा डबा घेऊन आल्या असताना बाईंनी एकदा गिट्टीच्या ढिगाआड झोपलेल्या पोराकडे ट्रक मागे येताना पाहिला. पोर वाचलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पोरं गोळा करायला लागल्या.

त्या कोणाशीही बोलायच्या आधी खाली बसत. पोराशी तर बसतच, पण माझ्या टेबलापाशी आल्या तरी सरळ फरशीवर. मी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "राहू द्या भाऊ, मले सवय झाली. उभ्यानं बोललं का पोरगं आयकत नाही." मग मला टेबलावरून वाकून त्यांचा अर्ज लिहून घ्यावा लागे. कधी चटया हव्यात, कधी पाण्याचा ड्रम. रशियाहून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी अशाच मागून नेल्या आणि काजळी फासून पाट्या केल्या. मागच्या बाजूला रशियन अक्षरं तशीच राहिली. पोरं तीच गिरवायची. मी हसलो तर म्हणाल्या, "गिरवू द्या. हात वळला का मंग कोनतंही लिहीन."

शेड आणि दुधाची पावडर रायपूरच्या एका मंडळाने दिली होती, वर्षभरापुरती. पुढे द्यायची की नाही ते मंडळाचे साहेब येऊन ठरवणार होते. नाही म्हणाले तर पोरं पुन्हा गिट्टीत जाणार, हे बाईंना माहीत होतं आणि मलाही. तारीख कळली तशा त्या येऊन बसल्या. "काय करू भाऊ?" मी शहाणपणा केला. म्हणालो, "पोरं स्वच्छ ठेवा. अन् त्या मळक्या चिंध्या काढा बाई, साहेबाले बरं दिसत नाही."

बाई खुर्सीपारची घरं हिंडल्या. कोणाचं झबलं, कोणाचा फ्रॉक, दोन-चार जोडी बूटसुद्धा. त्या दिवशी मी साहेबांना घेऊन गेलो तर तेल-पावडर केलेली पोरं ओळीत बसलेली. साहेबांनी एका मुलीला विचारलं, "तुम्हारी माँ क्या करती है?" ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ये तो बाबू लोगों के बच्चे लगते हैं." बाई दाराशी ताटकळत उभ्या होत्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या असतील. कपडे उसने आहेत, एवढंच मला सांगायचं होतं. साहेबांच्या बोलण्यात तोंड घालायची मला सवय नव्हती. मी मान डोलावली आणि जीपकडे चालू लागलो.

संध्याकाळी भोंगा झाला. बाया आल्या आणि थबकल्या. चिंध्या नव्हत्या, अंगावर परके कपडे. एक उडिया बाई आपल्याच मुलीवरून नजर पुढे नेऊन तिला शोधत राहिली. मुलीने पदर ओढला तेव्हा तिने खाली पाहिलं.

पंधरवड्याने पत्र आलं. मुलं गरजू दिसत नाहीत, सबब मदत बंद. मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्या नेहमीसारख्या फरशीवर बसल्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मंग मळकीच ठेवाची होती का, भाऊ?"

मंडळाला खरं काय ते कळवतो, असं म्हणालो. आज लिहू, उद्या लिहू करत ते पत्र राहिलं. अडवलं कोणी नव्हतं. तेव्हा मला फारसं काही वाटलंही नाही, आणि आजही रडू येत नाही. नुसतं आठवतं, जसं घडलं तसं.

शेडमध्ये सिमेंटची पोती आली. शेवटच्या दिवशी बाईंनी एकेका मनगटाला पुन्हा चिंधी बांधली आणि बायांना बजावलं, "सोडू नका. भाऊ चिठ्ठी लिहून राहिले. जागा भेटली का मी बलावतो." पुढे नवऱ्याला राजहऱ्याच्या खाणीकडे काम मिळालं आणि त्या गेल्या. जाताना दाराशी येऊन विचारून गेल्या, "चिठ्ठीचं काही आलं का?" मी म्हणालो, "अजून नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस मी साइटवरून जात होतो. पोरं गिट्टीवर खेळत असायची. सगळी धुळीने एका रंगाची झालेली. मनगटावरच्या चिंध्या मात्र एकाही आईने सोडल्या नव्हत्या.