रुमालाखाली ठरलेले टायर

चाळीसगावहून निघण्यापूर्वी गाडीच्या मागच्या टायरांवर हात फिरवला. गुळगुळीत. बोटाला नक्षी लागेना. पुढचे दोन्ही अजून धडधाकट होते. एका हंगामात टायर संपतो, याला मी फसवणूक म्हणतो. संभाजीनगरच्या अन्सारभाईने ते मला विकले होते आणि हे त्याला तोंडावर सांगायला मी निघालो होतो.

बैलबाजारात दलाली करत मी उभा राहिलो, मग खडीचे क्रशर टाकले आणि पन्नाशीला ही लाल स्पोर्ट्स कार घेतली. जुनीच, पण इंजिनात दहा ट्रॅक्टरांची ताकद. ती सगळी मागच्या दोन चाकांवर उतरते.

कन्नडचा घाट गाडी एका दमात चढली. वर वारा होता, खाली चाळीसगावकडची शेते चौकोनी तुकड्यांत मांडलेली. कन्नडला आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांची पोती आणि शेळ्या यांतून वाट काढायला चढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. पुढे वेरूळ, मग दौलताबादचा जुना दरवाजा. त्यातून एका वेळी एकच वाहन जाते. समोरच्या बसला मी आधी जाऊ दिले नाही.

अन्सारभाई दुकानाच्या दारात, गळ्यात रुमाल टाकून बसला होता.

"हे टायर होते की खोडरबर?" मी उतरता उतरता ओरडलो.

"खोडरबरच समझो, शेठ. नरम है. रस्ते को पकडता, इसलिए घिसता. मैं बोल्या था ना?"

"माझ्या डंपरचे टायर याच्या चौपट चालतात."

"डंपर लेके मोड पे ऐसेच उडते क्या तुम?"

दुकानातली माणसे हसली. माझे डोके फिरले. "मला टिकणारे टायर पाहिजेत. मागचे दोनच. पुढचे चांगले आहेत."

"नक्को शेठ. आगे नरम, पीछे सख्त (कडक) डाले तो गाडी की दुम घूमती."

दुम म्हणजे शेपूट. मला वाटले, चारही टायर गळ्यात मारायचा हा डाव आहे. मी हात पुढे केला. त्याचे वडील पाचोडच्या बाजारात दलाल होते, म्हणून त्याला सांगावे लागले नाही. त्याने रुमाल आमच्या हातांवर टाकला. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटे दाबून ठरवतात. बघणाऱ्याला आकडा कळत नाही आणि रुमाल उचलला की सौदा फिरत नाही. मी त्याला बराच खाली आणला. रुमाल उचलताना तो एवढेच म्हणाला, "घाट में संभालके."

टायर बसेपर्यंत मी नान-खलिया (भट्टीतली जाड पिवळी रोटी आणि मटणाचा तर्रीदार रस्सा) खाऊन आलो. जिंकलेल्या माणसाला जेवण चांगले लागते.

उतरताना घाटात एका वळणावर कुठल्यातरी गाडीतून सांडलेली रेती होती. सकाळी हेच वळण मी जोरात चढलो होतो. आता पुढची चाके वळली, मागची वळलीच नाहीत. शेपूट फिरले. डोंगर, आकाश, कठडा असे सगळे एकामागून एक काचेसमोरून गेले आणि गाडी आडवी थांबली. कठडा मागे हातभर होता. खालून आलेली काळीपिवळी जीप जेमतेम थांबली होती.

ड्रायव्हरने डोके बाहेर काढले. "ओ शेठ! आडवी गाडी लावून रसवंती टाकताय व्हय इथं?"

"हसतोस काय, मुडद्या?" जीपमध्ये मागे बसलेल्या बाई त्याच्यावर उखडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लेकरं हायेत गाडीत, दिसत नाय का? लई पैसा झाला म्हून काय आमच्या अंगावर येता?"

मी गाडी सरळ केली, त्यांना वाट दिली. खाली चाळीसगाव दिसत होते. सावकाश गेलो असतो तर घर गाठले असते. मी गाडी वर वळवली.

दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. सौदा झालेली कडक जोडी परत घे म्हणायचा मला हक्क नव्हता. मी म्हणालोही नाही. "नरम," एवढेच बोललो.

अन्सारभाईने गळ्यातला रुमाल काढला. हातावर हात, वर रुमाल. त्याने बोटे दाबली. मी उलट तीच बोटे दाबली. भावाला भाव न लावता रुमाल उचलण्याची माझी ती पहिली वेळ.

"शेठनी परत तुला गुंडाळलं वाटतं," कोणीतरी म्हणाले.

"हौ ना," अन्सारभाई रुमाल झटकत म्हणाला, "लूट लिए मेरेको."

अंधारातच घाट उतरलो. त्या वळणावर गाडी रेतीतून हळू, सरळ गेली. घरी पोचल्यावर टायरांवर हात फिरवला. नव्या रबराला वळणावरचे खडे चिकटले होते, ते नखाने काढले. पकड हवी तर रबर रस्त्यावर ठेवत जावे लागते. त्यात घासाघीस चालत नाही. पुढच्या हंगामात ही जोडीही गुळगुळीत होईल.

अन्सारभाईवरचा राग अजून गेलेला नाही. 'लूट लिए' म्हणण्याऐवजी त्याने तेव्हा मला हसायला हवे होते.