पारंपरिक, कवी अज्ञात

अमेरिकेतल्या कॅरी गावी मराठी घरांतल्या निम्म्या पोरांना गिटार शिकवणारा देवानंद रंगारी दिसायला अगदी गरीब गाय. पण डूख धरावा तो त्यानेच! पस्तीस वर्षं धरला, तोही एका गाण्यापायी. बरोबरच होतं म्हणा. आईचं नाव कुणी खाऊन वर ढेकर दिला, तर त्याची काय आरती ओवाळायची?

देवानंद वाढला इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनला. वडील नागपूरहून येऊन लोखंडाच्या कारखान्यात लागले. आई रमाबाई दुसऱ्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि शिवता शिवता गाणी रचायची. देवानंदच्या पाळण्यासाठी तिने एक केलं होतं: ‘शाई लागू दे बोटाला, चिखल नको रे तान्ह्या.’ शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने हे रचलं, बोला! पोराने विशीत ते गिटारवर बसवलं. पबच्या माडीवर लोकगीतांचे क्लब भरायचे. तिथे ग्रॅहम नावाच्या गोऱ्या गिटारवाल्याशी त्याची जोडी जमली आणि गावोगाव दोघांचं नाव झालं.

मग ग्रॅहमने एकट्याची रेकॉर्ड काढली. त्यात हे गाणं, आणि कव्हरवर छापलेलं: पारंपरिक, कवी अज्ञात.

“यात माझं नाव कुठं आहे रे?” रमाबाईने कव्हर उलटसुलट करत विचारलं.

“त्या हरामखोराने गाळलं, आई.”

देवानंदने जोडी मोडली, क्लब सोडले, नोकरी धरून अमेरिका गाठली. रमाबाई गेली ती अज्ञातच.

यंदा मार्चात ग्रॅहम कॅरीच्या लायब्ररीत वाजवायला आला. रविवारी दुपारी देवानंद आपल्या मुलीला, मैत्रीला, घेऊन तिसऱ्या रांगेत बसला. ते गाणं झालं, टाळ्या पडल्या, आणि तो ताडकन उठून इंग्रजीत ओरडला, “हे पारंपरिक नाही! माझ्या आईने रचलंय, रमाबाई रंगारीने! या माणसाने तिचं नाव चोरलं!”

म्हातारा ग्रॅहम चष्मा काढून बघतच राहिला. “डेव्ह? अरे, मी विचारलं होतं तुला, गाणं कुणाचं म्हणून. तूच म्हणालास, जुनं आहे, गावाकडचं, कुणी केलं ठाऊक नाही.”

आणि ते खरं होतं. त्या क्लबात दोनशे वर्षं जुन्या गाण्याला मान. कॉलरी शिवणाऱ्या आईचं गाणं म्हणून सांगायची त्याला लाज वाटली होती. लाज! आईची! आणि इतकी वर्षं ग्रॅहमच्या नावाने खडे फोडून ती त्याने गिळून टाकली होती.

सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. मैत्रीसुद्धा. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण पस्तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा सोडायचा?

“खोटारडा आहेस तू,” देवानंद म्हणाला.

कुणीतरी “शेम!” ओरडलं, बाकीच्यांनी री ओढली. ग्रॅहमकडे पुरावा कुठला असणार? त्याने माफी मागितली, रमाबाईचं नाव घेतलं, पुढच्या छपाईत घालतो म्हणाला. झालं, निघालं उट्टं!

गाडीत बसल्यावर मैत्रीने बापाच्या गळ्यात हात टाकले. “डॅड, आय ॲम सो प्राउड! आजीला किती आनंद झाला असता!”

देवानंदने गाडी रस्त्यावर घेतली. सूड घ्यायला आता एकच माणूस शिल्लक होता, आणि तो गाडी चालवत होता.