बाबांचं पटांगण

आमच्या फुलसावंगीकडे अधूनमधून जमीन हलते. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, संपलं. पण बाबांना तेवढं पुरतं. हातात ताट आणि उलथनं घेऊन ते वस्तीभर बडवत फिरतात, "पटांगणात चला, पटांगणात चला," आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांना विहारापुढच्या मोकळ्या जागेत आणून बसवतात. कोणी घरात चहा उकळत राहिलं की त्याची खैर नाही. लोक हसतात, पण येतात. आमच्या घरात तर बाबांचा शब्द खाली पडू द्यायची सोयच नाही.

त्यातून सुटली एकटी माझी धाकटी बहीण. मी भांडते, तोंड माझं फाटकं, गावभर ठाऊक आहे. ती भांडत नाही. "हो बाबा" म्हणते आणि तिला करायचं तेच करते. बाबा म्हणाले, मास्तरीण हो; "हो बाबा" म्हणून नर्सिंगला गेली. म्हणाले, नोकरी पुसदलाच बघ. "हो बाबा" म्हणाली आणि थेट अंदमानातल्या एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यात जाऊन बसली. बाबा कितीतरी दिवस धुसफुसले. मग एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं दवाखान्यासमोरचं पटांगण दाखवलं. पोरं फुटबॉल खेळत होती, चेंडू सारखा समुद्रात जात होता. "जागा मोकळी आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा राग निवळला.

त्या सकाळी मी माहेरी होते, पोळ्या लाटत होते. तिचा फोन आला. "ताई, इथं लय जोरात भूकंप झाला. उभं राहवत नव्हतं." तिला धाप लागली होती. मी काही विचारायच्या आत बाबांनी माझ्या हातातून फोन ओढला.

"आधी बाहेर निघ. भिंतीजवळ थांबू नको. पटांगणात जा, आयकलं का? पटांगणात."

"हो बाबा."

"आता कुठी आहेस?"

"पटांगणातच आहे बाबा."

एवढं झालं आणि फोन तुटला. बाबा निवांत झाले. चहा मागितला, टीव्ही लावला.

टीव्हीवरची बाई सांगत होती की तिकडे समुद्राच्या तळाशी जमिनीचा एक थर दुसऱ्या थराखाली सरकत असतो. मध्येच अडकतो, आणि सुटला की वरचं पाणीही उचललं जातं. बेटावरच्या लोकांनी ताबडतोब किनारा सोडावा, उंचावर जावं. बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. भूकंपामागून समुद्र येतो, हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे कुठला आला समुद्र.

"ते पटांगण," बाबा म्हणाले, "पाण्याले लागूनच आहे न?"

त्यांनीच तर पाहिलं होतं.

फोन लावून लावून माझं बोट दुखलं. लागेचना. "मीच धाडलं तिले," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. शेवटी मी चिडले. "ती कधी तुमचं आयकते का बाबा? कायले जीव जाळून राह्यले?" पण माझ्या बोलण्यावर माझाच भरवसा नव्हता. एरवी ऐकत नसली तरी घाबरलेलं लेकरू बापाचं ऐकतंच, आणि हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. ते उठले आणि विहारापुढच्या पटांगणात जाऊन एकटेच मातीत बसले. जन्मभर ज्या माणसाशी भांडले, त्याची मला दया आली. मी फोन घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

दुपार कलल्यावर तिथंच फोन वाजला. मी तो बाबांच्या कानाला लावला.

"बाबा, रागावू नका," ती म्हणत होती. "मी पटांगणात नव्हतीच. खोटं बोलली मी. इथल्या लोकायनं सांगितलं टेकडीवर चला, तर एका बाळंतिणीले धरून आम्ही चढून राह्यलो होतो. तुमच्याशी वाद घालायले दम नव्हता."

पाणी पटांगणात शिरलं होतं. होड्या दवाखान्याच्या पायरीला येऊन लागल्या होत्या. माणसं मात्र सगळी वर होती, आणि बाळही.

घरात कोणी खोटं बोललं की चप्पल काढणारा हा माणूस. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"पोरी," बाबा म्हणाले, "यापुढे माह्यं कधीच आयकत जाऊ नको."

"हो बाबा," ती म्हणाली.